आठ कॅमेरे, एक हार्ड डिस्क : सीसीटीव्ही रेकॉर्डिंगचं बजेट कसं बसवायचं?



या आठवड्याच्या व्हिडिओत बोर्डावर जे गणित केलं, ते सावकाश वाचता यावं, वहीत उतरवून घेता यावं म्हणून इथे सविस्तर लिहून देतो. शेजारी मोबाइलचं कॅल्क्युलेटर उघडून ठेवा.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कृषी सेवा केंद्र घ्या, जिनिंग घ्या, किराणा घ्या, चार ते आठ कॅमेरे आता दिसतातच. मालकाला विचारा, "भाऊ, रेकॉर्डिंग किती दिवसांचं राहते?" उत्तर ठरलेलं : "राहते ना सर, महिनाभर तरी." पण मागे जाऊन, पंधरा दिवसांपूर्वीची तारीख टाकून कुणी पाहिलेलं नसतं. मग एक दिवस व्यापाऱ्याचा फोन येतो, की वीस दिवसांपूर्वीच्या गाडीत चार पोती कमी निघाली. डीव्हीआर उघडला तर अकरा दिवसांपलीकडचं सगळं पुसून त्यावर नवीन रेकॉर्डिंग झालेलं.

दुसरा प्रकार याहून वाईट. फुटेज आहे, पण चेहरा म्हणजे नुसता डाग. उंची तशीच, शर्ट तसाच, एवढ्यावरून कामावरच्या पोरावर आळ येतो. पोरगा काम सोडून जातो, गावभर नाव खराब होतं, आणि खरं काय झालं ते कधीच कळत नाही. अस्पष्ट फुटेज कधी कधी फुटेज नसण्यापेक्षा जास्त नुकसान करतं, कारण ते पाहून लोक अंदाज बांधतात.

या दोन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे : कॉम्प्रेशन. चित्र दाबून लहान करताना काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे मशीन ठरवतं. आणि मशीनला ते कसं ठरवायचं हे सांगायचं काम तुमचं आहे. बहुतेक ठिकाणी ते बसवणाऱ्या मुलावर सोडलेलं असतं, आणि तो आठही कॅमेऱ्यांना एकच सेटिंग देऊन निघून जातो.

न दाबता साठवलं तर काय होईल?

एक फुल एचडी कॅमेरा घ्या. त्याच्या एका चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे साधारण २० लाख ७३ हजार ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट. एक चित्र झालं ६.२ एमबीचं. सेकंदाला २५ चित्रं म्हणजे १५५ एमबी. ४ टीबीची हार्ड डिस्क एकटा एक कॅमेरा सात तासांत भरून टाकेल. सकाळी दुकान उघडलं की दुपारी चहाच्या वेळेपर्यंत डिस्क फुल!

म्हणून दाबणं आलंच. ते दोन पायऱ्यांत होतं.

पहिली पायरी एकाच चित्राच्या आत. गोदामाची भिंत पांढरी आहे. प्रत्येक ठिपक्याला "पांढरा, पांढरा, पांढरा" असं लिहायची गरज नाही. "इथून तिथपर्यंत पांढरं" एवढं पुरतं. मशीन चित्राचे लहान-लहान चौकोन करतं आणि प्रत्येक चौकोनाचं थोडक्यात वर्णन लिहितं. जागा कमी असेल तर वर्णन आणखी थोडक्यात. त्यात आधी जातात ते बारकावे : नोटेवरचा आकडा, पोत्यावरचा छापा, चेहऱ्याच्या कडा. आणि आपल्याला नेमके तेच हवे असतात.

दुसरी पायरी एकापाठोपाठच्या चित्रांची. ही समजायला आपलं स्टॉक रजिस्टर डोळ्यांसमोर आणा. आपण रोज सगळा माल मोजतो का? नाही. एकदा पूर्ण मोजणी करतो, मग फक्त आवक-जावक लिहितो. व्हिडिओत पूर्ण मोजणीच्या चित्राला आय फ्रेम म्हणतात, आणि नुसता बदल लिहिलेल्या चित्राला पी फ्रेम. गल्ल्यावर कुणी नसेल तर बदल जवळजवळ शून्य, नोंदही जवळजवळ शून्य. गिऱ्हाइकांची गर्दी झाली की नोंदी वाढल्या.

रजिस्टरचं मधलं एक पान फाटलं तर पुढच्या पूर्ण मोजणीपर्यंत सगळे आकडे चुकतात. व्हिडिओचंही तसंच. म्हणून साधारण दोन सेकंदांनी एक आय फ्रेम ठेवतात. २५ चित्रांच्या वेगाला सेटिंगमध्ये हा आकडा ५० दिसेल. काही मशीनमध्ये 'प्लस' किंवा 'स्मार्ट' नावाचे पर्याय असतात. ते स्थिर दृश्यात पूर्ण मोजण्या लांबवून जागा वाचवतात. बंद गोदामाला ते चालतं. गल्ल्याला चालू करण्याआधी एकदा मागे-पुढे करून पाहा, नेमका क्षण पकडता येतो की नाही.

हे सगळं करायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. तुमच्या डीव्हीआरमध्ये दोन नावं दिसतील. एच.२६४ हे २००३ चं, आणि एच.२६५ हे २०१३ चं. तेवढीच स्पष्टता साधारण अर्ध्या जागेत मिळावी, हेच नवीन पद्धतीचं उद्दिष्ट होतं. जुन्या कॉम्प्युटरवर एच.२६५ ची फाइल कधी कधी अडखळते, पण जागेचा फायदा इतका मोठा आहे की पर्याय दिसत असेल तर तोच घ्या.

आठ कॅमेऱ्यांचं एकत्र दाबता येत नाही का?

प्रश्न रास्त आहे. दोन कॅमेरे एकच आवार पाहत असतील, तर एकाचं चित्र साठवून दुसऱ्याचा फक्त फरक लिहिला तर?

तंत्र म्हणून हे अस्तित्वात आहे. त्याला मल्टिव्ह्यू कोडिंग म्हणतात. थ्री-डी ब्लू-रे डिस्कमध्ये डाव्या आणि उजव्या डोळ्याची चित्रं अशीच साठवली जात. एच.२६५ मध्ये ही सोय २०१४ मध्ये आली, आणि आयफोन १५ प्रोमधला स्पेशियल व्हिडिओ तिच्यावरच चालतो. पण या दोन्ही ठिकाणी दोन दृश्यं अगदी शेजारून घेतलेली असतात. डाव्या चित्रातला माणूस उजव्या चित्रात जरासा सरकलेला दिसतो, एवढाच फरक.

तुमच्या दुकानात एक कॅमेरा फाटकावर, दुसरा गल्ल्यावर, तिसरा गोदामात. एकाच्या चित्रावरून दुसऱ्याचं चित्र काढायला दोघांत सारखं काहीच नाही. समोरासमोर लावलेल्या कॅमेऱ्यांचंही तेच : एकाला माणसाचं तोंड दिसतं, दुसऱ्याला पाठ.

हे पटत नसेल तर आपल्या पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्याकडे पाहा. वाघ मोजताना जंगलात पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. का? कारण प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, आणि एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टेही वेगळे असतात. डावी बाजू पाहून उजवी सांगता येत नाही. दुसरा कॅमेरा जी माहिती देतो ती पहिल्यात मुळातच नाही. मग ती दाबून काढणार कुठून?

म्हणून बाजारातला साधा डीव्हीआर किंवा एनव्हीआर प्रत्येक कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग स्वतंत्रच दाबतो. कॅमेऱ्यांमध्ये सामाईक असते ती एकच गोष्ट : हार्ड डिस्क. खरी बचत तिच्या वाटपात आहे.

यातून एक फुकटचा सल्लाही निघतो. दोन कॅमेरे जवळजवळ तेच दृश्य दाखवत असतील, तर तुम्ही एकाच गोष्टीसाठी दोनदा जागा भरताय. त्यातला एक फिरवा, जिथे आज काहीच दिसत नाही तिकडे.

जंगलातला दुसरा धडा : हजारात दोन

२०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. एकूण फोटो निघाले ३ कोटी ४८ लाख ५८ हजार ६२३. त्यात वाघाचे किती? ७६,६५१. हजार फोटोंमागे साधारण दोन! बाकीचे बिबटे आणि इतर प्राणी.

तुमच्या डीव्हीआरचंही प्रमाण असंच काहीतरी आहे. चोवीस तासांत कामाची मिनिटं थोडी, बाकी रिकामं शटर आणि झोपलेलं कुत्रं. जंगलातला कॅमेरा समोरून गरम अंगाचं काही हललं तरच जागा होतो, म्हणून लहानशा बॅटरीवर आठवडेच्या आठवडे चालतो. दुकानातलं मोशन रेकॉर्डिंग वेगळ्या पद्धतीचं आहे. ते चित्रातले ठिपके बदलले का एवढंच पाहतं. वाऱ्याने कडुनिंबाची फांदी हलली, लाइट लुकलुकला, कॅमेऱ्यासमोर कोळ्याने जाळं विणलं, तरी त्याला वाटतं कुणीतरी आलं.

म्हणून मोशन चालू करताना चित्रावर भाग आखून द्या : फांदी वगळा, रस्ता वगळा, दरवाजा ठेवा. नवीन कॅमेऱ्यांत फक्त माणूस किंवा गाडी ओळखून रेकॉर्ड करायचा पर्याय असतो, तो असेल तर वापरा. आणि गल्ला, वजनकाटा, फाटक यांना मोशनवर ठेवू नका. त्यांचं सलग रेकॉर्डिंगच हवं. वादाच्या वेळी "मधली दोन मिनिटं कुठे गेली?" हा प्रश्न कुणालाच परवडत नाही.

आता बजेट बसवू

एकच आकडा पाठ करा : एका कॅमेऱ्याला १ एमबीपीएस बिटरेट दिला तर दिवसाला १०.८ जीबी लागते. बिटरेट म्हणजे सेकंदाला किती माहिती लिहायची त्याची मर्यादा. रेझोल्युशन कितीही असो, डिस्क किती दिवसांत भरेल हे बिटरेटवर ठरतं.

आठ कॅमेरे, प्रत्येकी ४ एमबीपीएस. एकूण ३२. गुणिले १०.८ म्हणजे दिवसाला ३४५.६ जीबी. ४ टीबीची डिस्क, म्हणजे ४००० जीबी, साडेअकरा दिवसांत भरली. "महिनाभर तरी" म्हणणाऱ्या भाऊंचं काय झालं ते कळलं का? (कॉम्प्युटरवर ही डिस्क ३.६ टीबी दिसते. कंपनीने फसवलेलं नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे.)

आता उलट बाजूने या. आधी दिवस ठरवा. तुमच्या धंद्यात तक्रार किती दिवसांनी येते? किराण्यात दोन-चार दिवसांत. माल बाहेरगावी जाऊन हिशोब होणाऱ्या धंद्यात तीन-चार आठवड्यांनी. पोलीस ठाण्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी प्रकरणातल्या निकालात १८ महिने रेकॉर्डिंग ठेवायला सांगितलं, आणि कोणत्याही परिस्थितीत एक वर्षापेक्षा कमी नको असं बजावलं. त्यांची गरज तेवढी आहे. तुमची गरज तुम्ही ठरवा.

समजा ३० दिवस ठरले. ४००० भागिले ३० म्हणजे दिवसाला १३३ जीबी. भागिले १०.८ म्हणजे साधारण १२ एमबीपीएस. हे तुमचं एकूण भांडवल, आठही कॅमेऱ्यांना मिळून. आता ते वाटायचं आहे.

वाटताना प्रत्येक कॅमेऱ्याला एक प्रश्न विचारा : "तू मला काय सांगणार आहेस?" उत्तरं तीनच प्रकारची येतात.

१. हा कोण आहे? अनोळखी माणसाचा चेहरा ओळखता यायला हवा.
२. हा आपल्यापैकी कोणता? ओळखीचा माणूस ओळखू आला पाहिजे.
३. तिथे कुणी होतं का? हालचाल दिसली तरी पुरे.

यासाठी आंतरराष्ट्रीय मापही आहे. अनोळखी माणूस ओळखायला त्याच्या जागी एका मीटर रुंदीत २५० ठिपके लागतात, ओळखीच्या माणसाला १२५, आणि नुसतं कुणीतरी आहे हे कळायला २५. फुल एचडीत आडवे १९२० ठिपके. म्हणजे चेहरा हवा असेल तर कॅमेऱ्याने त्या जागी साडेसात मीटरपेक्षा जास्त रुंदी दाखवू नये. वीस मीटरचं आवार दाखवणाऱ्या कॅमेऱ्याला कितीही बिटरेट द्या, चोराचा चेहरा मिळणार नाही, कारण तो चित्रात आलेलाच नाही. तिथे पैसे घालणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं.

एका जिनिंगचं उदाहरण घेऊन वाटप करू. सगळे फुल एचडी, सगळे एच.२६५ वर :

- गल्ला : ३ एमबीपीएस, सेकंदाला १५ ते २५ चित्रं. नोटा मोजणारा हात वेगाने हलतो.
- वजनकाटा : २.५. काट्याचा आकडा आणि गाडीचा नंबर वाचता आला पाहिजे.
- फाटक : २.५. येणाऱ्याचा चेहरा.
- आवारातले दोन कॅमेरे : प्रत्येकी १, सेकंदाला १० चित्रं.
- गोदामातले दोन : प्रत्येकी ०.७५, सेकंदाला ८ ते १० चित्रं.
- ऑफिस : ०.५.

बेरीज करा. बरोबर १२. गुणिले १०.८ म्हणजे दिवसाला १२९.६ जीबी. ४ टीबीत तीस दिवस बसले. डिस्क तीच, कॅमेरे तेच, एक रुपया खर्च नाही, आणि साडेअकराचे तीस दिवस झाले. गोदाम आणि ऑफिस मोशनवर टाकले तर आणखी दोन-चार दिवस हाती लागतील.

हे आकडे म्हणजे सुरुवात. बदल केल्यावर गर्दीच्या वेळेचं रेकॉर्डिंग लावून पाहा. आकडा वाचता येत नसेल तर त्या कॅमेऱ्याला अर्धा एमबीपीएस वाढवा आणि तेवढाच दुसऱ्या कुणाचा कमी करा. घरखर्चासारखंच आहे, एकीकडे वाढलं की दुसरीकडे कमी करावं लागतं.

सेटिंग कुठे सापडेल?

जुन्या जाड वायरच्या कॅमेऱ्यात दाबायचं काम डीव्हीआर करतो, म्हणून सेटिंग डीव्हीआरमध्ये. आयपी कॅमेऱ्यात दाबायचं काम कॅमेराच करतो आणि तयार माल एनव्हीआरकडे पाठवतो, म्हणून एच.२६५ दोघांनाही समजलं पाहिजे.

मेन स्ट्रीम म्हणजे डिस्कवर जातं ते. सब स्ट्रीम म्हणजे मोबाइलवर लाइव्ह पाहायची हलकी आवृत्ती. मोबाइलवर चित्र अडकतं म्हणून मेन स्ट्रीम कमी करू नका, सब स्ट्रीम कमी करा. पुष्कळ ठिकाणी इथेच घोळ होतो : मालकाला मोबाइलवर छान दिसावं म्हणून केलेल्या बदलात रेकॉर्डिंग खराब होऊन बसतं.

बिटरेटचा प्रकार दोन तऱ्हेचा. कॉन्स्टंट म्हणजे ठरावीक, कुणी असो-नसो. व्हेरिएबल म्हणजे गरजेप्रमाणे, पण वरची मर्यादा तुमची. व्हेरिएबल घ्या, आणि बजेट मात्र वरच्या मर्यादेवरच बसवा.

रात्र, पाऊस आणि कापूस

रात्री चित्र का बिघडतं? अंधारात कॅमेरा कमी प्रकाश ताणून मोठा करतो, त्यामुळे चित्रभर दाणे नाचतात. ते दाणे प्रत्येक चित्रात वेगळे. मशीनला वाटतं सगळीकडे बदल होतोय. सगळा बिटरेट दाणे लिहिण्यात खर्च होतो आणि चेहऱ्याला काही उरत नाही. पावसाचे थेंब, लाल दिव्यांभोवती जमणारे किडे, यांचंही तेच.

यावर उपाय सेटिंगमध्ये नाही, विजेच्या बटणात आहे. फाटकावर आणि काट्यावर रात्रभर एक साधा एलईडी दिवा ठेवा. दाणे कमी झाले की तेवढ्याच बिटरेटमध्ये चित्र सुधारतं. आणि सीझनमध्ये जिनिंगच्या आवारात रुईचे तंतू हवेत असतात, ते काचेवर बसतात. आठवड्यातून एकदा मऊ कापडाने काच पुसायचं काम कुणाच्या तरी नावाने लावून द्या. "कुणीतरी पुसेल" म्हटलं की कुणीच पुसत नाही.

फुटेज सापडलं, आता पुढे?

घटना कळली की पहिलं काम : त्या वेळेचं रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर काढून ठेवणं. डिस्क तुमच्यासाठी थांबत नाही, ती जुनं पुसत राहते. फक्त संशयाचा कॅमेरा नको, त्या वेळेचे आठही काढा. सगळ्यांचं घड्याळ बरोबर असेल तर फाटकावर १०.०५ ला आलेली गाडी काट्यावर १०.०९ ला दिसते आणि गोष्ट जुळते. म्हणून महिन्यातून एकदा डीव्हीआरची वेळ मोबाइलशी ताडून पाहा.

स्क्रीनसमोर मोबाइल धरून शूटिंग करू नका. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइलही मूळ राहत नाही, ती पुन्हा दाबली जाते आणि उरलेसुरले बारकावेही जातात. मूळ फाइल जशीच्या तशी काढा.

कोर्टातही हे महत्त्वाचं आहे. आपल्या महाराष्ट्रातलं जालन्याचं प्रकरण पाहा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आले की नाही, हा वाद होता, आणि निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या व्हिडिओ रेकॉर्डिंगवर बोट ठेवलं गेलं. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या त्या खटल्यात १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मूळ उपकरणच हजर केलं नसेल तर नकलेसोबत कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र लागणारच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे, आणि त्याच्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यूही लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. फाइलमध्ये एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो. पुन्हा दाबलेल्या फाइलचा ठसा मूळ फाइलशी जुळणार नाही. त्यामुळे तक्रार करायची असेल तर डीव्हीआर तसाच राहू द्या, आणि पोलिसांना व वकिलाला विचारूनच पुढचं पाऊल टाका.

या आठवड्याचं काम

१. डीव्हीआरमध्ये सर्वांत जुनी तारीख कोणती सापडते ते पाहा. तेच तुमचे खरे दिवस.
२. वहीत प्रत्येक कॅमेऱ्यापुढे त्याचा प्रश्न लिहा : कोण, आपल्यापैकी कोणता, की कुणी होतं का.
३. हवे असलेले दिवस ठरवा, १०.८ ने भागून एकूण बिटरेट काढा आणि वाटून टाका.
४. गल्ल्याचं आणि फाटकाचं कालचं रात्रीचं रेकॉर्डिंग लावा. चेहरा ओळखू येतो का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल, तर ते आज, सगळं ठीक असताना कळलेलं बरं. सेटिंग बदलायला अर्धा तास लागतो. ज्या दिवशी गल्ल्यात पैसे कमी निघतात, त्या दिवशी कामावरच्या पोरांकडे पाहण्याआधी मालकाला खात्रीने काहीतरी दिसलं पाहिजे, आणि त्या पोरांनाही आपली बाजू दाखवायला तेच फुटेज कामी आलं पाहिजे.

भेटू पुढच्या व्हिडिओत.